फ्रँकफर्टला उतरलात, आता पुढची ट्रेन कशी पकडायची

जर्मनीत शिकायला येणारी पोरं असोत नाहीतर लेकीकडे-मुलाकडे येणारे आई-बाबा, सगळे मला एकच विचारतात, ताई फ्रँकफर्टला उतरल्यावर पुढं काय करायचं? मी कार्ल्सरूहला राहते आणि आत्तापर्यंत बऱ्याच जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर हा रस्ता सांगून झालाय, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढते. विमानतळाची भीती फार बाळगू नका, तिथं पाट्या आहेत, माणसं आहेत, सगळे जिकडं चाललेत तिकडं चालत राहिलं तरी बाहेर पडता येतं. घोळ होतो तो विमानतळ संपून रेल्वे सुरू होते तिथं. झोप झालेली नसते, सामान जड असतं, आणि नेमकं त्याच वेळी पळापळ करावी लागते. ती पळापळ घरूनच टाळता येते.

तिकीट काढताना

मी स्वतः २०१४ मध्ये पहिल्यांदा आले तेव्हा विमान उतरायच्या वेळेनंतर बरोबर एक तास दहा मिनिटांनी सुटणाऱ्या ट्रेनचं स्वस्तातलं तिकीट काढून ठेवलं होतं, वाटलं तास म्हणजे खूप झाला. विमान मुंबईहूनच दीड तास उशिरा सुटलं. मी पासपोर्टच्या रांगेत उभी होते तेव्हा माझी ट्रेन निघून गेली होती, ते तिकीट फुकट गेलं आणि मशीनवर नवीन तिकीट काढावं लागलं, ते जवळजवळ तिप्पट महाग. घरून मोजून आणलेले पैसे होते, पहिल्याच तासाला त्यातले इतके गेले तेव्हा रडूच आलं होतं.

तर नियम असा आहे. डॉइचे बान म्हणजे इथली जर्मन रेल्वे, तिची स्वस्त तिकिटं, म्हणजे स्पारप्राइस आणि सुपर स्पारप्राइस, ही त्या एकाच ट्रेनला बांधलेली असतात. ट्रेनच उशिरा धावत असेल आणि त्यामुळे तुम्ही मुक्कामी २० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशिरा पोचणार असाल तर हे बंधन सुटतं, मग दुसऱ्या ट्रेननं जाता येतं. पण तुमचं विमान उशिरा आलं तर रेल्वेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. फ्लेक्सप्राइस नावाचं महाग तिकीट असतं, त्यात त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही ट्रेन चालते.

माझा सल्ला विचाराल तर, विमान उतरायची वेळ आणि ट्रेन सुटायची वेळ यात स्वस्त तिकीट असेल तर तीन तास ठेवा. विमान वेळेवर आलं तर दोन तास कॉफी पीत बसा, काही बिघडत नाही. तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवायचंच असेल तर फ्लेक्सप्राइस घ्या किंवा मग तिकीट उतरल्यावरच काढा, महाग पडेल पण डोकं शांत राहील. आणि सीटचं रिझर्वेशन वेगळं घ्यावं लागतं हे आपल्याकडच्या लोकांना माहीतच नसतं, तिकीट आहे म्हणजे सीट आहे असं इथं नाही. सेकंड क्लासला साडेपाच युरोंच्या आसपास लागतात, आई-बाबांसाठी ते न चुकता घ्या, शुक्रवारी संध्याकाळी लोक दाराशी बॅगांवर बसून जातात.

डीबी नॅव्हिगेटर हे डॉइचे बानचं अ‍ॅप भारतातूनच डाउनलोड करून त्यात तिकीट टाकून ठेवा, शिवाय प्रिंटही काढा. फोनची बॅटरी अशा वेळी हमखास दगा देते.

पासपोर्टची रांग

विमानातून उतरलं की पासपोर्ट तपासणी. दोन प्रकारच्या रांगा असतात, एक युरोपियन नागरिकांची आणि दुसरी सगळ्या पासपोर्टांची, आपण दुसऱ्या. शॉर्ट टर्म व्हिसावर येणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून नवीन सिस्टीम सुरू झालीये, त्यात फोटो घेतात, बोटांचे ठसे ताडून बघतात, म्हणून वेळ जरा जास्त धरा.

कागद हातातल्या बॅगेत, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही. विद्यार्थ्यांनी अ‍ॅडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंटचा कागद म्हणजे वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत ठेवल्याचा, हेल्थ इन्शुरन्स आणि राहायचा पत्ता. आई-बाबांनी परतीचं तिकीट, ट्रॅव्हल इन्शुरन्स, बोलावणाऱ्याचं पत्र, त्याचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून. विचारतात ते साधंच असतं, कशाला आलात, कुठं राहणार, किती दिवस. इंग्लिश कच्चं असलं तरी चालतं, ‘डॉटर, कार्ल्सरूह, सिक्स वीक्स’ एवढं म्हणून परतीचं तिकीट दाखवलं तरी काम होतं. विचारलं नाही ते आपणहून सांगत बसू नका.

बॅगेत काय आणायचं नाही

हे मी जरा सविस्तर सांगते कारण इथं प्रत्येक आई चुकते आणि प्रेमापोटी चुकते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत, घरचं कढवलेलं तूप नाही, खवा नाही, सुकं मटण तर नाहीच. ताजी फळं, भाज्या, रोपं यांना सरकारी सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे हापूसची पेटी, कढीपत्त्याची जुडी, तुळशीचं रोप हे सगळं घरीच ठेवा. गंमत म्हणजे पाच फळांना यातून सूट आहे, केळं, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन, म्हणजे ओटीचा नारळ बिनधास्त आणा!

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, पोहे यांची काही अडचण नाही, फक्त पॅकेट नीट सील करा आणि पांढरी पिठं असतील तर त्यावर नाव लिहा. औषधं स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते. जाहीर करण्यासारखं काही असेल तर बाहेर पडताना लाल पाटीचा रस्ता, नसेल तर हिरवा. हिरव्यातूनही कधीकधी थांबवून बॅग उघडायला लावतात, घाबरायचं नाही, उघडून दाखवायची.

दोन स्टेशनं आहेत, हे लक्षात ठेवा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे नको. फ्रँकफर्ट विमानतळाला दोन वेगवेगळी रेल्वे स्टेशनं आहेत. एक टर्मिनल १ च्या खाली, ते रेगिओनालबानहोफ, तिथून लोकल आणि जवळच्या गाड्या सुटतात. दुसरं फेर्नबानहोफ, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, ते रस्त्याच्या पलीकडं एका भल्यामोठ्या काचेच्या बिल्डिंगखाली आहे आणि टर्मिनल १ मधून पुलावरून चालत तिथं जायचं, सामान घेऊन दहाएक मिनिटं धरा.

माझी आई २०१९ मध्ये पहिल्यांदा एकटी आली. तिला मी सांगितलं होतं, ट्रेनचं चित्र दिसेल तिकडं जा. ती गेली, सरकत्या जिन्यानं खाली उतरली आणि प्लॅटफॉर्म सहा शोधत राहिली. तिथं एक, दोन, तीन एवढेच प्लॅटफॉर्म, चौथा नाहीच. निळी बॅग, तिच्या हँडलला ओळखू यावी म्हणून बांधलेला जुन्या साडीच्या काठाचा तुकडा, आणि हातात माझ्या अक्षरातली चिठ्ठी, त्यावर ठळक ६. शेवटी तिनं ती चिठ्ठीच एका मुलीपुढं धरली, त्या मुलीनं आकडा बघितला आणि बॅग स्वतः ओढत तिला वर नेऊन पुलापर्यंत सोडलं. चूक माझी होती, मी स्टेशन दोन आहेत हे सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना आकड्यावरूनच सांगते. प्लॅटफॉर्मला इथं ग्लाइस म्हणतात. तिकिटावर ग्लाइस १ ते ३ असेल तर टर्मिनलच्या खाली जा, ४ ते ७ असेल तर पुलावरून पलीकडं. जर्मन यायची गरज नाही, आकडा वाचता आला की पुरे. विमान दुसऱ्या टर्मिनलला उतरलं असेल तर आधी स्कायलाइन नावाच्या ट्रेननं टर्मिनल १ ला यायचं, तिला तिकीट लागत नाही.

फक्त फ्रँकफर्ट शहरात जायचं असेल तर

मग सोपं आहे. खालच्या स्टेशनवरून एस ८ किंवा एस ९ लोकल, पंधरा मिनिटांच्या आत मेन स्टेशन, म्हणजे हाउप्टबानहोफ. तिकीट मशीनवर काढा, सहा-सात युरोंच्या घरात असतं, मशीनवर इंग्लिश भाषा निवडता येते. गेट वगैरे काही नसतं, कोणी अडवत नाही, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं तिकीट लागतच नसेल. लागतं. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक उभे राहतात आणि बिनतिकीट सापडलात तर ६० युरो दंड, मी नवीन आहे म्हणून सांगून सुटका होत नाही.

डॉइचलांडटिकेट नावाचा महिन्याचा पास आहे, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो, त्यात देशभरातल्या लोकल, बस, ट्राम, मेट्रो, जवळच्या गाड्या सगळं येतं. पण आयसीई, आयसी या लांबच्या वेगवान गाड्या त्यात येत नाहीत. तो पास काढून आयसीईत चढलेली पोरं मी बघितलीयेत, त्यांना भुर्दंड बसतो.

प्लॅटफॉर्मवर

बोर्डावर आधी तुमचा गाडी नंबर शोधा, गावाचं नाव नको, कारण तुमचं गाव मधलं स्टेशन असेल तर बोर्डावर मोठ्या अक्षरात शेवटच्या स्टेशनचं नाव असतं. वेळ चोवीस तासांची असते. मग दोन-तीन जर्मन शब्द ओळखीचे करून ठेवा. फेरश्पेटुंग म्हणजे गाडी लेट आहे, आउसफाल किंवा फेल्ट आउस म्हणजे रद्द. प्लॅटफॉर्म आयत्या वेळी बदलू शकतो म्हणून सगळे लोक अचानक बॅगा उचलून निघाले तर आपणही बोर्डाकडं बघायचं. आणि हो, जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात हे डोक्यातून काढून टाका, लेट होणं आता रोजचं आहे. मुक्कामी ६० मिनिटं उशिरा पोचलात तर तिकिटाचे २५ टक्के आणि १२० मिनिटं उशिरा पोचलात तर ५० टक्के परत मागता येतात, अ‍ॅपमधूनच अर्ज होतो.

प्लॅटफॉर्म लांबलचक असतो आणि त्याचे ए, बी, सी असे भाग केलेले असतात. आपला डबा कुठल्या भागात येणार ते बोर्डावर दिसतं, तिथंच जाऊन उभं राहा. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, दोन मोठ्या बॅगा घेऊन अर्धा प्लॅटफॉर्म पळणं जमत नाही. नाहीच जमलं तर समोर येईल त्या दारातून चढा आणि आतून चालत जा. दार आपोआप उघडलं नाही तर बटण दाबायचं. माझे बाबा आले तेव्हा बटण न दाबता दार उघडायची वाट बघत उभे राहिले होते, आत एक माणूस होता म्हणून बरं.

कार्ल्सरूह, कोलोन साधारण तासाभराचा प्रवास, मानहाइम अर्धा तास, म्युनिक साडेतीन तास. उतरायच्या दहा मिनिटं आधी बॅगा दाराजवळ आणून ठेवा. आई-बाबांना मधे गाडी बदलायची असेल तर शक्यतो थेट गाडीच बघा, दहा-वीस युरो जास्त गेले तरी चालतील. बदलावीच लागली तर मोठ्या स्टेशनांवर बानहोफ्समिशन नावाची सेवाभावी संस्था असते, आधी कळवलं तर त्यांचे स्वयंसेवक प्लॅटफॉर्मवर येऊन हात धरून दुसऱ्या गाडीत बसवून देतात, पैसे घेत नाहीत. हे फार कमी लोकांना माहितीये.

बारीकसारीक गोष्टी. शंभरएक युरो सुट्ट्या नोटांमध्ये जवळ ठेवा, शिवाय एक-दोन युरोची नाणी, मोठ्या स्टेशनवरच्या टॉयलेटला लागतात. पैसे बदलायच्या काउंटरवर दर वाईट मिळतो, एटीएम बरं. विमानतळावर वायफाय फुकट आहे, पोचल्याचा मेसेज तिथूनच करा. आपल्या मोबाइल चार्जरची दोन बारीक पिनांची प्लग इथं चालते, तीन पिनांची नाही. नळाचं पाणी पिता येतं, बाटली विकत घेतलीत तर २५ सेंट डिपॉझिट असतं ते बाटली परत केली की मिळतं, चेपून टाकू नका.

आणि रविवारी उतरत असाल तर विमानतळावरच्या सुपरमार्केटमधूनच दूध, ब्रेड, अंडी घेऊन निघा. गावातली दुकानं रविवारी बंद असतात, रात्री रूमवर पोचल्यावर चहाला दूध नसेल तर ते सोमवारी सकाळीच मिळणार.