अंबाडीच्या दोराने बाज विणताना

विदर्भातल्या खेड्यात बाजेइतकी कामाची वस्तू घरात दुसरी नसते. दिवसा तिच्यावर वड्या वाळतात, पाहुणा आला की तीच बैठक होते आणि वैशाखात अंगणात तिच्यावरच झोप लागते. दोर तुटला एवढ्यासाठी बाभळीची धडधाकट चौकट चुलीत गेलेली पाहिली की जीव हळहळतो, कारण बाज नव्याने विणणे हे दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे.

जुना दोर काढून टाकल्यावर आधी चौकट तपासावी. समोरासमोरच्या पायांमधली तिरपी अंतरे एकाच दोरीने मोजावीत. ती सारखी भरली नाहीत, तर चौकट ठोकून काटकोनात आणावी आणि ढिल्या सांध्यांत लाकडी पाचर बसवावी. तिरकस चौकटीवर कितीही सुबक वीण घातली, तरी एक पाय जमिनीला टेकत नाही.

दोर अंबाडीचाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. शेताच्या धुऱ्याला लावलेल्या अंबाडीचा पाला भाजीला येतो; पुढे झाडे वाढली की ती कापून पाण्यात कुजवतात, साल सोलतात आणि धुऊन वाळवलेला वाख ढेऱ्यावर कातून त्याचा दोर वळतात. नायलॉनची दोरी टिकते हे खरे, पण ती निसरडी असल्यामुळे तिची गाठ सरकते आणि उन्हाळ्यात तिच्यावर उघड्या पाठीने पडवत नाही. अंबाडीचा दोर विणण्यापूर्वी पाणी शिंपडून नरम करावा, म्हणजे तो हाताला कमी काचतो.

6 फूट लांब आणि 3 फूट रुंद बाजेला पायथ्याच्या दांडीपासून सुमारे 1 फूट जागा मोकळी सोडावी आणि तिथे दोन्ही लांब दांड्यांमध्ये जाड दोराचे तीन-चार पदर आडवे, ताणून बांधावेत. वीण उशापासून या आडव्या दोरापर्यंतच घालायची असते. मी पहिल्यांदा विणलेल्या बाजेत ही जागा जेमतेम चार बोटे ठेवली होती. महिन्याभरात मध्ये झोळ पडला आणि ताणायला जागाच उरली नाही, म्हणून सगळी वीण उसवावी लागली.

आडव्या दोराच्या एका टोकाला गाठ मारून दोर तिरपा समोरच्या दांडीवर न्यावा, दांडीला वेढा द्यावा आणि काटकोनात वळवून पुढे न्यावा. गुंडी सुटी ठेवून दोराचा दुहेरी फासा ओवत गेल्यास एका खेपेत दोन पदर पडतात. उलट दिशेने येणारी जोडी आधीच्या एका जोडीवरून आणि पुढच्या जोडीखालून काढावी. एकाने ओवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक वेढा गुडघा दांडीला टेकवून ओढून धरावा. शेवटी घरे इतकी बारीक होतात की बोट शिरत नाही. तेव्हा टोकाला खाच पाडलेली बांबूची कामटी उपयोगी पडते.

वीण पूर्ण झाली की वेगळा मजबूत दोर घेऊन तो विणीची कड आणि पायथ्याची दांडी यांमधून नागमोडी ओवावा. हा ताण एका दमात भरू नये. एका बाजूने सुरुवात करून प्रत्येक फेरा थोडा थोडा आवळावा, तीनदा तरी त्याच वाटेने परत यावे आणि मगच सुटणारी गाठ मारावी. पहिल्या आठवड्यात वीण बसते, त्यामुळे त्यानंतर हाच दोर पुन्हा ओढून घ्यावा.

पावसात बाज बाहेर राहिली तर दोर फुगून आखडतो आणि सांध्यांवर जोर येतो, म्हणून मिरगाच्या आधी ती ओसरीत घ्यावी. ढेकूण झाल्यास पायथ्याचा ताण सोडून सांध्यांत उकळते पाणी ओतावे, बाज भर उन्हात उभी करावी आणि दोर पुरता वाळल्यावरच ताण पुन्हा भरावा.