रोमन ऑरियस ओळखताना: आधी काटा, मग भिंग

चित्रावर भुलण्याआधी नाणे काट्यावर ठेवा. ऑरियस म्हणजे रोमन सोन्याचे नाणे. सम्राट ऑगस्टसच्या काळातले साधारण 7.8 ग्रॅमचे. सम्राट नीरोने इ.स. 64 मध्ये एका रोमन पौंडात 45 नाणी पाडायला लावली आणि वजन 7.3 वर आले. त्यानंतर बऱ्याच काळाने आलेले सम्राट कॉन्स्टंटाइनचे सोन्याचे नाणे, सॉलिडस, 4.5 ग्रॅम भरते. चेहरा नीरोनंतरच्या सम्राट ट्रेजनचा आणि वजन सहा ग्रॅम, तर पुढे बघायचे कारणच नाही.

मग घनता. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक नायलॉन दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. शुद्ध सोन्याच्या 7.3 ग्रॅमच्या नाण्याला 0.38 दिसायला हवे; 22 कॅरेटचे असेल तर 0.41 दिसेल. फरक एवढासाच, म्हणून काटा 0.001 ग्रॅमचा हवा. बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो आणि अस्सल नाणे भेसळीचे ठरते. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका. पुण्यात लक्ष्मी रोडला सराफाकडे कॅरेटोमीटरवर (सोन्याची शुद्धता मोजणारे यंत्र) तपासून घ्यायला हरकत नाही, मात्र कसोटीवर घासू देऊ नका. पॉलिश तर नाहीच नाही!

शुद्ध सोन्याची नक्कल या दोन्हीतून सुटते. तिथे दहापट भिंग लागते: कडेवर जोडाची रेघ, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे, म्हणजे नाणे ओतीव.

मागच्या बाजूची देवता चेहऱ्यावरून कळत नाही. आपल्याकडे मूर्ती आयुधांवरून ओळखतात, तसे हातात काय आहे ते बघा. ऑलिव्हची डहाळी: पॅक्स. पंख आणि पानांचा हार: व्हिक्टोरिया. वाटीतून सापाला पाजणारी सालुस. घोटाळा होतो तो फॉर्चुना आणि एक्विटासमध्ये, कारण फळाफुलांनी भरलेले शिंग दोघींकडे. सुकाणू असेल तर फॉर्चुना, तराजू असेल तर एक्विटास. झिजलेल्या नाण्यावर सुकाणू खाली टेकलेले दिसते, तराजू लोंबतो.

अक्षरे सलग असतात आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ येतो. पण ‘सीओएस’ (कॉन्सुल या रोमन उच्चपदाचे लघुरूप) नंतरचा ‘व्ही’ म्हणजे पाच, पाचव्यांदा कॉन्सुल. ट्रेजनच्या नाण्यावर हे असेल तर काळ इ.स. 103 ते 111. सहा असेल तर 112 नंतरचा.

चेहऱ्यावर छिन्नीचा घाव दिसला म्हणून नाणे बाद करू नका. तमिळनाडूत पुदुकोट्टईला 1898 मध्ये सापडलेल्या 501 रोमन नाण्यांपैकी बहुतेकांवर तो आहे. पुतळीसारखे भोक किंवा कडी असेल, तर ते दागिन्यात ओवलेले. भोक बुजवू नका.

जमिनीत सापडलेले नाणे घरी ठेवता येत नाही. 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.