पडल्यानंतरची गाठ जात नाहीये? या चुका टाळा

मी वडोदऱ्यात फिजिओथेरपी करते आणि दरवर्षी वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस) उलटली की तेच, पतंगाच्या नादात गच्चीवर नाहीतर जिन्यात आपटलेली मंडळी, निळीकाळी मांडी आणि एकच तक्रार, "ताई, रोज चोळतोय तरी गाठ विरघळत नाही." अहो, चोळताय म्हणूनच!

मुक्या मारात आत रक्त साकळतं. वरचा रंग दोनेक आठवड्यांत हिरवा-पिवळा होऊन जातो पण खालची गाठ मोठी असली तर जिरायला कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा लागतात. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळलं किंवा शेकलं की रक्त अजूनच पाझरतं.

दांडिया बाजारातला एक 19 वर्षांचा मुलगा, मांडी कठड्यावर आपटली. आजीने गरम तेल लावलं, मग मालिशवाला आला, त्याने आठ दिवस अंगठ्याने दाबून दाबून गाठ "फोडली". माझ्याकडे आला तेव्हा महिना होत आलेला, गुडघा काटकोनातही वाकेना आणि गाठ लाकडासारखी. पहिल्या आठवड्यातला एक्स-रे साफ होता म्हणून घरचे निर्धास्त, पण स्नायूत हाड धरायला लागलं तर ते एक्स-रेत दिसायलाच तीन-चार आठवडे जातात. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मार मोठा होताच, पण चोळण्याने त्यात भर घातली. मालिश बंद केली, दुखेल इतकं ताणायचं नाही, स्वतःच हळूहळू वाकवायचं, बस. मांडी घालून जेवायला बसला तो मे महिन्यात. घाई करणाऱ्यांना मी हेच सांगते.

बर्फ थेट कातडीवर नको, टॉवेलमध्ये गुंडाळून 15-20 मिनिटं.

सुईने रक्त काढून घ्यायला वाटेल त्याच्याकडे जाऊ नका, पू होऊ शकतो.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण मनाने बंद करू नका.

कुल्ह्यावर मार बसून चरबीत गोटीसारखी कडक गाठ राहिली तर ती महिनोन्‌महिने राहू शकते, पण ती तीच आहे हे एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या.

आणि "पडल्याचीच असेल" म्हणून गाठ वर्षभर अंगावर काढणं, याचा मला खरंच राग येतो. कधीकधी गाठ आधीपासूनच असते, पडल्यामुळे फक्त हात तिथे जातो. मी पेनाने कडेची रेघ मारून घेते, तारीख घालते, दर रविवारी टेपने मोजायला सांगते. गाठ वाढत असेल, खोल असेल किंवा 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या, कॅन्सरची शंका आधी मिटली पाहिजे. ताप आला, गाठ लाल-गरम झाली तर त्याच दिवशी दाखवा. आणि मार लागल्यावर पोटरी दगडासारखी ताणली, पाय बधिर पडला, दुखणं सहन होईना, तर सकाळची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सीत जा.