हॅलयार्डला हवा तो दोर शीटला चालत नाही

शिडाच्या बोटींच्या कामाला लागलो तेव्हा दोर निवडताना माझ्या मनात एकच प्रश्न असायचा: तुटणार तर नाही ना? कॅटलॉगमधला तुटण्याच्या भाराचा रकाना बघायचा आणि सर्वांत मोठा आकडा उचलायचा, हीच पहिल्या दोन वर्षांतली माझी पद्धत. त्यातला एकही दोर तुटला नाही. पण काही क्लचमधून, म्हणजे दोर दाबून धरणाऱ्या खटक्यातून, घसरले, काही हाताला काचले, काही कप्पीत अडले आणि एकाने भर वाऱ्यात शिडाचा आकारच बिघडवला. नव्याने या कामात येणाऱ्यांची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितो आहे.

आधी शब्द जुळवून घेऊ. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारा म्हणजे स्टँडिंग रिगिंग. त्या एकदा ताणून बसवल्या की जागच्या हलत नाहीत. शीड चढवायला, खेचायला, सैल सोडायला लागतात ते दोर म्हणजे रनिंग रिगिंग. शीड वर चढवतो तो हॅलयार्ड. वाऱ्याशी शिडाचा कोन ठरवते ती शीट. नाव ऐकून कापड डोळ्यांपुढे येतं, पण हा दोरच. याशिवाय बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, खाली दाबून धरणारा व्हँग, वारा वाढला की शीड लहान करायच्या रीफिंग लाइन आणि बारीकसारीक ताण देणाऱ्या कंट्रोल लाइन.

ताकदीचा प्रश्न एका हिशेबात निकालात निघतो. जिबच्या, म्हणजे डोलकाठीपुढच्या शिडाच्या, शीटवरचा भार काढायचा तर शिडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला वाऱ्याच्या नॉटमधल्या (ताशी सागरी मैलांतल्या) वेगाच्या वर्गाने गुणा आणि मग ०.०२१ ने. उत्तर साधारण किलोमध्ये येतं. ३० चौरस मीटरची जिब आणि २० नॉट वारा असेल तर सुमारे २५० किलो. १० मिलिमीटरचा साधा पॉलिएस्टरचा विणलेला दोर तुटायला दोन हजार किलोंहून जास्त भार लागतो. रोजचा भार तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्शात ठेवायचा, हा या कामातला प्रघात. तोही सहज पाळला जातो. बोलाइनची गाठ मारली की दोराची ताकद दोनतृतीयांशाच्या आसपास येते, ते धरूनही काळजी नाही. मात्र सूत्रातला वर्ग विसरू नका. वारा दुप्पट झाला की भार चौपट होतो.

म्हणजे मधल्या आकाराच्या बोटीवर दोर तुटेल का हा प्रश्न बहुतेक वेळा सुटलेलाच असतो. खरा प्रश्न असतो तो ताणला किती जाईल आणि त्याला धरणार कोण, याचा.

ताणला जाणं म्हणजे काय, ते मला एका दुपारी कळलं. मंद वाऱ्यात मी मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, चढवलं, हॅलयार्ड तटतटीत केला, शीड गुळगुळीत दिसत होतं. तासाभरात वारा १८ नॉटवर गेला आणि शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या. बोट एका अंगावर कलायला लागली, सुकाणू जड झालं. मला वाटलं, शीड जुनं झालंय. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो ते म्हणाले, ‘‘शिडाकडे नको, डोलकाठीच्या माथ्याकडे बघ.’’ शिडाचा वरचा कोपरा सकाळी होता तिथून चांगला वीतभर खाली आला होता. क्लचमध्ये दोर तसूभरही सरकला नव्हता. ताणला गेला होता तो वरचा दोर.

गणित सोपं आहे. क्लचपासून डोलकाठीच्या माथ्यावरून शिडापर्यंत १५ मीटर दोर ताणाखाली असेल आणि तो फक्त एक टक्का लांबला, तरी १५ सेंटिमीटर झाले. साधा पॉलिएस्टर याहून जास्तही ताणला जातो. पुढची कड सैल पडली की शिडाचा फुगवटा मागे सरकतो, बोट पुढे ढकलली जाण्याऐवजी बाजूला कलते. जोरात वारा आला की शीड सपाट हवं असतं, आणि ताणणारा हॅलयार्ड नेमका तेव्हाच त्याला फुगीर करतो. म्हणून पैसे मोजके असतील तर चांगला दोर पहिल्यांदा हॅलयार्डला घ्या. शीटचं नंतर बघता येतं, कारण शीट तुमच्या हाताशीच असते आणि विंचला, म्हणजे दोर गुंडाळून खेचायच्या चक्राला, दोन हिसके देऊन भागतं.

आता धागे. नायलॉन खूप ताणला जातो. नांगराच्या आणि धक्क्याला बांधायच्या दोरासाठी तो उत्तम, कारण हिसका पोटात घेतो. रनिंग रिगिंगमध्ये मात्र त्याला जागा नाही. पॉलिएस्टर हा सगळ्यांत भरवशाचा धागा. उन्हाला टिकतो, घासायला चिवट असतो, गाठ धरतो. फिरस्तीच्या बोटीवर हॅलयार्डसकट सगळे दोर पॉलिएस्टरचे असले तरी बिघडत नाही, फक्त हॅलयार्डला कमी ताणणारी जात निवडा आणि वारा वाढला की पुन्हा खेचायची सवय ठेवा.

त्याच्या वरची पायरी म्हणजे डायनीमा किंवा स्पेक्ट्रा. दोन्ही एकाच धाग्याची व्यापारी नावं. धागा पाण्याहून हलका, तरंगणारा, आणि त्याच जाडीच्या पॉलिएस्टरच्या मानाने जवळजवळ न ताणला जाणारा. पण त्याचे स्वभावदोष माहीत हवेत. तो गुळगुळीत असल्याने गाठ सरकते, म्हणून शक्यतो स्प्लाइस करावा लागतो, म्हणजे गाठीऐवजी टोक दोरातच गुंफावं लागतं. साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. पॉलिएस्टर २५० च्या वर. विंचवरून भरधाव सोडलेल्या दोराला घर्षणाने किती ऊब येते ते तळहाताला विचारा, म्हणजे या फरकाचं महत्त्व कळेल. तिसरा दोष नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो. ताण सोडल्यावर दोर पूर्ववत होतो ते ताणलं जाणं. दीर्घकाळ भाराखाली राहून कायमचा लांबतो ते क्रीप. डायनीमाला क्रीप असतो. गुंडाळलेल्या जिबचा हॅलयार्ड हंगामभर ताणलेलाच राहतो, तिथे तो जाणवतो. डायनीमाच्या जातींत एसके-७५ पेक्षा एसके-७८ असा कमी लांबतो, डीएम-२० त्याहून कमी. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या केव्हलारच्या कुळातले धागेही दोरात वापरतात, पण तीव्र वळण आणि ऊन दोन्ही त्यांना सोसत नाही. पहिल्या बोटीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

धाग्याइतकीच वीण महत्त्वाची. हल्लीचे बहुतेक दोर दुहेरी विणीचे असतात: आत गाभा, वर आवरण. पॉलिएस्टरच्या दोरात दोघं मिळून भार घेतात. डायनीमाच्या दोरात जवळजवळ सगळा भार गाभा घेतो. आवरण ऊन आणि झीज अंगावर घेण्यासाठी आणि पकड मिळावी म्हणून. इथेच मी फसलो होतो. क्लच पकडतो आवरणाला. वीण सैल असेल तर आवरण जागेवर राहतं आणि गाभा आतून हळूहळू निसटतो. म्हणून घेण्याआधी दोर दोन्ही मुठींत धरा आणि मुठी एकमेकींकडे ढकला. आवरणाचा फुगा झाला तर तो दोर क्लचसाठी नाही. मग चिमटीत दाबून बघा. फार चपटा होत असेल तर तोही बाजूला ठेवा.

क्लचवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात किती ते किती मिलिमीटर चालेल हे लिहिलेलं असतं. त्यातल्या सर्वांत बारीक मापावर जाऊ नका, तिथे पकड कमी मिळते. डायनीमा मजबूत आहे म्हणून १० चा दोर काढून ६ चा घालायचा मोह होतो; दोर टिकेल, क्लच त्याला धरणार नाही.

शीटचा न्याय वेगळा. तिथे निर्णय हाताचा. भाराला ८ मिलिमीटर पुरत असला तरी ओल्या हाताने तासन् तास धरायला १० किंवा १२ बरा. आवरण थोडं लवदार, मऊ असावं. पण जाडी वाढवत नेणं हाही उपाय नाही. मेनशीट चार-सहा कप्प्यांमधून फिरते. दोर जाड झाला की घर्षण वाढतं आणि मंद वाऱ्यात बूम बाहेर जायलाच नाखूश असतो. हलक्या वाऱ्यातल्या स्पिनेकरला, म्हणजे पुढच्या मोठ्या फुगीर शिडाला, तर भिजलेल्या जाड शीटचं नुसतं वजनच खाली ओढतं. तिथे पाणी न शोषणारी बारीक शीट लावा.

लांबीचे ठोकताळे: जिबची प्रत्येक शीट बोटीच्या लांबीच्या दीडपट, हॅलयार्ड डोलकाठीच्या उंचीच्या दुप्पट, अधिक कॉकपिटपर्यंतचं (बोट चालवणारे बसतात त्या जागेपर्यंतचं) अंतर, अधिक विंचवर गुंडाळायला शेपूट. कापण्याआधी बोटीवर स्वतः मोजा.

जुन्या बोटीवर एक गोष्ट आवर्जून तपासा. डायनीमाचं व्यापारी उत्पादन १९९० मध्ये सुरू झालं; त्याआधी न ताणणारा हॅलयार्ड हवा तर पोलादी तार लावत. डोलकाठीच्या माथ्यावरच्या, तारेसाठीच्या चाकाची खाच अरुंद असते आणि तारेने तिच्या कडा धारदार केलेल्या असतात. माथ्यावर जाऊन खाचेतून नख फिरवा. खरखर लागली तर आधी चाक बदला, नाहीतर नवा दोर तिथेच काचेल. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या साधारण आठपट असावा.

नवा हॅलयार्ड जुन्याच्या मागोमाग ओढून घालतात. मी एकदा दोन्ही टोकं नुसत्या चिकटपट्टीने जोडली. माथ्यावरच्या चाकापाशी जोड सुटला आणि जुना दोर पोकळ डोलकाठीच्या आत धाडकन खाली गेला. वर चढून, सायकलच्या साखळीचा तुकडा बारीक दोरीला बांधून आत सोडण्यात आणि तळाशी तारेच्या आकड्याने पकडण्यात आख्खी दुपार गेली. टोकं समोरासमोर ठेवा, सुईदोऱ्याने शिवा, मगच चिकटपट्टी गुंडाळा आणि ओढण्याआधी जोराने हिसका देऊन बघा.

आणि हॅलयार्ड मीटरभर जास्त घ्या. शीड चढलेलं असताना दोराचा एकच तुकडा चाकावर बसून काचत असतो. दरवर्षी शिडाकडच्या टोकाचे वीसेक सेंटिमीटर कापून नवी गाठ किंवा स्प्लाइस केला की चाकावर ताजा भाग येतो आणि तोच दोर आणखी चार-पाच हंगाम चालतो.