तापातून उठल्यावर व्यायाम कोठून सुरू करावा

डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा कोविडचा ताप उतरतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि तरीही आंघोळ करून आल्यावर पलंगाच्या कडेला पाच मिनिटे टेकावे लागते. अशा वेळी ‘जरा हिंडायला-फिरायला लाग, म्हणजे अंगात ताकद येईल’ असे सांगणारी मंडळी चुकीचे सांगत नाहीत. मात्र किती हिंडायचे हे कोणी सांगत नाही. मग एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून माणूस उत्साहाने दोन किलोमीटर चालून येतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. यासाठी व्यायामाचे पहिले माप सर्वांत थकलेल्या दिवसावरून घ्यावे: त्या दिवशीही जेवढे सहज जमेल, तेवढीच सुरुवात.

ताप अंगात असेपर्यंत व्यायामाचा विचारच करू नये. विषाणूजन्य आजारानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, म्हणून छातीत दुखणे, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही होत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिनही तपासून घेणे बरे. ते स्त्रियांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल, तर थकव्याचे एक कारण तेथेच सापडू शकते, आणि ते व्यायामाने भरून निघणारे नव्हे.

अंथरुणात पडून राहिल्याने मांड्या आणि पोटऱ्या लवकर रोडावतात. पोटरीचा स्नायू आवळला की पायांतले रक्त वर ढकलले जाते, आणि तोच दुबळा झाल्याने, शिवाय शरीरात पाणी कमी पडल्याने, उठून उभे राहताच चक्कर येते. त्यामुळे पहिला व्यायाम पलंगावरच करावा: पाय लांब करून दोन्ही पावले दहा वेळा स्वतःकडे ओढावीत आणि पुढे ताणावीत, मग कडेवर पाय सोडून मिनिटभर बसावे, आणि त्यानंतरच उठावे. सूर्यनमस्काराचा आग्रह या काळात धरू नये. त्यात डोके वारंवार खाली-वर होते.

यानंतर खुर्ची. हातांची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, पुढच्या कडेवर बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पावलांच्या पुढे येईल इतके वाकावे आणि श्वास सोडत उठावे. खाली बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत बसावे. हातांनी रेटा द्यावा लागला तरी हरकत नाही. अशा तीन ते पाच उठाबशा पहिल्या आठवड्याला पुष्कळ झाल्या.

चालणे घरातल्या घरात, पाच मिनिटांपासून सुरू करावे. तेही जड गेले तर दोन मिनिटांचे तीन भाग करावेत. जोर किती लागतो हे पाहण्यासाठी श्रमाला शून्य ते दहा गुण देण्याची पद्धत सोयीची असते. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडनंतरच्या रुग्णांसाठी काढलेल्या पुस्तिकेत श्रम हळूहळू वाढवण्याचे पाच टप्पे सांगितले असून प्रत्येक टप्प्यावर किमान सात दिवस राहण्याची सूचना आहे. सुरुवातीला दोन-तीन गुणांपलीकडे जाऊ नये, म्हणजे चालता चालता पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. नाडीवर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग मुळातच कमी ठेवतात.

मात्र खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, कधी कधी तिसऱ्या दिवशी. काही रुग्णांना श्रमानंतर बारा ते बहात्तर तासांनी अचानक जास्त थकवा, अंगदुखी किंवा डोके जड होण्याचा त्रास सुरू होतो, आणि तोवर कारण विसरले गेलेले असते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहावेत, किती मिनिटे चाललो आणि सकाळी थकवा दहापैकी किती. त्रास वाढला तर पुन्हा खालच्या मापावर यावे. जोर लावून पुढे जाऊ नये. दीर्घ थकव्याच्या आजारात, म्हणजे एमई किंवा सीएफएसमध्ये, ठरलेल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतली, त्यामागे रुग्णांचे असेच अनुभव होते.

घरकामही मोजावे. सकाळी ओटा आवरून, बादलीभर कपडे पिळून झालेल्या बाईने संध्याकाळी पुन्हा ‘व्यायाम’ करायचा, असा हिशेब घरातल्या इतरांनी मांडू नये. त्या दिवशीचा तिचा वाटा संपलेला असतो, आणि कपड्यांचे काम दुसऱ्याने उचलले तरच चालण्याला जागा होते.

आठवडाभर सकाळचा आकडा वाढला नाही, तर चालणे एक-दोन मिनिटांनी वाढवावे. त्याच आठवड्यात उठाबशा वाढवू नयेत. जिना सर्वांत शेवटी ठेवावा. पहिल्या दिवशी एकच टप्पा कठडा धरून चढावा, वर दम घ्यावा आणि खाली यावे. वरच्या मजल्याचा विचार दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहून करावा.