सेलमधला किल्ट ऑनलाइन घेताय? आधी टेप काढा, मग कार्ड

स्कॉटलंडला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या लोकांना कधी ना कधी किल्ट, म्हणजे पुरुष घालतात तो चुण्यांचा स्कॉटिश घागरा, लागतोच, कुणा मित्राचं लग्न असतं, नाहीतर 25 जानेवारीची बर्न्स नाइट, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती, असते. एकदोनदा भाड्याने घेतला की वाटतं, आता विकतच घेऊ, आणि मग सेल बघायला बसलं की 40 पौंडाचा पण किल्ट दिसतो आणि 500 चा पण, आणि फोटोत दोन्ही सारखेच!

फरक कापडात असतो. पारंपरिक किल्ट लोकरीचा, 8 यार्डांचा, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि त्यातलं बरंचसं कापड मागच्या चुण्यांमध्ये जातं. कापडाचं दर यार्डाचं वजन बहुतेक 13 किंवा 16 औंस लिहिलेलं असतं, चालताना किल्ट छान झुलतो तो या वजनामुळेच. स्वस्तातला किल्ट ॲक्रिलिकचा असतो आणि बऱ्याचदा 5 यार्ड किंवा त्याहून कमी. पॉलिव्हिस्कोस नावाचं मिश्र कापड मधल्या किमतीत मिळतं आणि ते मला तरी वाईट वाटत नाही, घरी धुता येतं, पावसात भिजलं तरी टेन्शन नाही. बरेच स्वस्त किल्ट पाकिस्तानात सियालकोटला शिवले जातात, त्यात गैर काही नाही, पण 'स्कॉटिश किल्ट' लिहिलंय म्हणजे तो स्कॉटलंडमध्येच शिवलाय असं समजू नका. कापड कुठलं, किती यार्ड, किती औंस, हे तिन्ही लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला मेसेज करून विचारा, आणि उत्तर नीट आलं नाही तर सोडून द्या, सेल परत येतात.

खरा डिस्काउंट कुठे मिळतो तर भाड्याने देणारी दुकानं जुने किल्ट काढून टाकतात तिथे. 'एक्स हायर' म्हणून शोधा. लोकर चांगली असते, थोडी वापरलेली असते एवढंच. कुणीतरी रद्द केलेल्या ऑर्डरचे किल्ट पण असतात, मापात बसलात तर नशीब.

टार्टन, म्हणजे किल्टवरची चौकड्यांची नक्षी, कुठलंही घ्या, त्या क्लॅनचं, म्हणजे स्कॉटिश कुळाचं, आडनाव नसलं तरी कायद्याने कुणी अडवत नाही, ब्लॅक वॉच किंवा रॉयल स्टुअर्ट तर सगळेच घालतात. फक्त पूर्ण नाव बघून ऑर्डर करा. एकाच क्लॅनचं टार्टन मॉडर्न, एन्शंट, वेदर्ड अशा वेगवेगळ्या रंगछटांत येतं, मॉडर्नमध्ये गडद हिरवा-निळा असेल तर एन्शंटमध्ये तोच फिका होतो आणि वेदर्डमध्ये पार मातकट तपकिरी, त्यामुळे नुसतं क्लॅनचं नाव बघून मागवलं की घोळ होतो. शंका असेल तर स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्सवर नाव टाकून बघा, 2009 पासून ते ऑनलाइन आहे आणि फुकट आहे.

आता माप. जीन्सचा साइझ अजिबात द्यायचा नाही, किल्ट कमरेवर बराच वर, बेंबीच्या आसपास बांधतात आणि जीन्स खाली बसते, दोन मापांत काही इंचांचा फरक पडतो. टेप बेंबीच्या लेव्हलला गुंडाळा, पोट आत ओढू नका. मग नितंबांचा सगळ्यात रुंद भाग. लांबीसाठी गुडघ्यांवर ताठ बसा आणि दुसऱ्या कुणालातरी बेंबीपासून जमिनीपर्यंत मोजायला सांगा, त्यातून साधारण एक इंच वजा करा, किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर यायला हवी. स्वतःच वाकून मोजलं तर माप चुकतंच. विक्रेत्याची मोजायची पद्धत वेगळी असेल तर त्याचीच पाळा, नंतर वाद नको.

पैसे भरायच्या आधी प्रॉडक्टच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, कापड, माप, टार्टन, किंमत सगळं दिसेल असे. सेल संपला की पान बदलतं आणि मग तुमच्याकडे पुरावा काही उरत नाही.

पार्सल आलं की उघडतानाच फोटो काढा. हाताने शिवलेल्या किल्टच्या चुण्या कच्च्या टाक्यांनी पकडलेल्या असतात, ते टाके एवढ्यात उसवू नका, लेबलं पण काढू नका. किल्ट टेबलावर उलटा पसरा आणि मागची बाजू बघा. चुण्या 'सेट'वर, म्हणजे टार्टनची नक्षी जुळवून, घातल्या असतील तर ती नक्षी मागेही अखंड दिसते, आडव्या रेषा एका चुणीवरून दुसरीवर सरळ जातात, पायऱ्या पडल्या असतील तर शिलाई गडबडलेली आहे. मग पट्टे आणि बकल बघा, पुरुषांच्या किल्टचा वरचा पदर उजव्या बाजूला संपतो आणि झालर तिथेच असते. लोकर आहे का अशी शंका असेल तर झालरीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळा, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते.

चूक निघाली तर फोन करत बसू नका, मेल लिहा. ऑर्डर नंबर, काय मागवलं, काय आलं, फोटो आणि तुम्हाला काय हवंय, रिफंड की बदली, एवढं पाच ओळींत. बहुतेक वेळा पॅकिंगमध्ये अदलाबदल झालेली असते आणि चांगला विक्रेता एका मेलमध्ये सोडवतो.

नाही सोडवलं तर हे माहीत हवंच. यूकेमधल्या दुकानातून ऑनलाइन घेतलं असेल तर वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत कारण न देता ऑर्डर रद्द करता येते. 'सेलच्या मालावर रिटर्न नाही' असं लिहिलं असलं तरी! तुमच्या मापाने खास शिवून घेतलेल्या किल्टला मात्र हे 14 दिवस मिळत नाहीत, आणि इथेच लोक फसतात, कारण विक्रेता म्हणतो, मापाचा आहे, परत घेत नाही, आणि आपण गप्प बसतो. पण तुम्ही 34 कमर दिली आणि त्याने 38 ची शिवली, किंवा लोकर सांगून ॲक्रिलिक पाठवलं, तर ती वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, आणि 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे 30 दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, मापाची असली तरी, आणि परत पाठवायचा खर्चही त्याचाच. माप तुम्हीच चुकीचं दिलं असेल तर हे लागू नाही. खाजगी माणसाकडून जुना किल्ट घेतला तर 14 दिवस नाहीत, पण वर्णनाशी जुळायलाच हवा.

तरीही ऐकत नसेल तर कार्ड कंपनीकडे जा. 100 पौंडांच्या वरची वस्तू यूकेच्या क्रेडिट कार्डवर घेतली असेल तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या सेक्शन 75 खाली बँकही जबाबदार असते, डेबिट कार्ड असेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे पैसे परत फिरवून, मागा. पेपालवर तक्रार करायला 180 दिवस असतात, ईबेवर साधारण 30. विक्रेता यूकेबाहेरचा असेल तर कायदा कागदावरच राहतो, तेव्हा हेच मार्ग खरे कामाचे.

भारतातून मागवणार असाल तर ड्यूटी वेगळी लागू शकते आणि चूक निघाली तर परतीचं कुरियर महाग पडतं, म्हणून यूकेत कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवा, त्यांना वरची तपासणी करायला सांगा, आणि सगळं बरोबर निघालं की मगच भारतात पाठवायला सांगा.