नवे मुख्याध्यापक हमखास करतात त्या चुका

पदोन्नतीचे आदेश निघाले की माझा फोन वाजायला लागतो. "सर, एचएम झालो. वर्षभरात शाळा वर काढायचीय, काहीतरी सांगा." वर्षभरात! मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण प्रश्न तोच आणि दिवाळीपर्यंत होणाऱ्या चुकाही त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्गभेटीला झडतीचं रूप देणं. दुसऱ्या कुणाचं कशाला, माझंच सांगतो. बीड जिल्ह्यातली सातवीपर्यंतची शाळा, नवा चार्ज, नवा सफारी. तिसरीच्या दारात उभा राहिलो. मॅडम हातच्याची वजाबाकी घेत होत्या, फळ्यावर 305 वजा 128. पाच मिनिटं पाहिलं, लॉगबुक, म्हणजे वर्गभेटीचे शेरे लिहायची वही, मागवलं आणि लाल पेनानं लिहिलं, "अध्यापनात सुधारणा आवश्यक. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा." सही, शिक्का, चहा.

त्यानंतर मी दारात दिसलो की त्या वर्गात 'पाण्याचे उपयोग' सुरू व्हायचे. तक्ता टांगलेला, सगळ्यांचे हात वर. तिसऱ्या खेपेला बस्करपट्टीवरचं एक पोरगं शेजाऱ्याला हळूच म्हणालं, "हेडसर आले, पाणी काढ."

रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हणालो, आजचा तास मी घेतो, तुम्ही मागं बसा. आणि त्याच वजाबाकीवर आपटलो. निम्म्या लेकरांचं उत्तर 223. पाचातून आठ जात नाहीत ना, मग आठातून पाच काढा. शून्यातून दोन जात नाहीत, मग दोनातून शून्य. तीनातून एक गेला, दोन उरले. त्यांच्या लेखी हिशेब चोख! "शून्याच्या घरी काही नाही, म्हणून शतकाकडं जायचं" हे मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा 223. शेवटी मॅडम उठल्या. कपाटातून आगपेटीच्या काड्या काढल्या, दहा-दहाचे गठ्ठे आणि असे दहा गठ्ठे बांधलेले शंभराचे जुडगे. एक जुडगा सोडून दहा गठ्ठे केले, त्यातला एक गठ्ठा सोडून काड्या सुट्या केल्या. दशकाच्या घरात नऊ उरले. मी फळ्यावर शून्य खोडून नुसता नऊ लिहीत होतो, तो कुठून आला हे लेकरांना तेव्हा कळलं.

म्हणजे साहित्य होतं. मग ते कपाटात का? तर आधीच्या एचएमनं बजावलं होतं, हरवलं तर पगारातून कापीन. माझ्या लाल शेऱ्याला हे कुठून ठाऊक असणार?

तेव्हापासूनची माझी सवय अशी. आठवड्यातून दोनदा कुठल्या तरी वर्गात मागं बसायचं, पूर्ण तास. मोबाइल ऑफिसात. हातात एक पाठकोरा कागद. शिक्षकापेक्षा तीन लेकरांच्या वह्या जास्त बघायच्या. मधल्या सुट्टीत एकच विचारायचं, "या तिघांचं उद्या काय करायचं?" उत्तर मला सुचलं नाही तर तसं सांगायचं आणि दोघांनी मिळून तास घ्यायचा. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मुलांच्या निकालावर प्रमुखाच्या कोणत्या कामाचा किती परिणाम दिसतो ते मोजलं. आकडा जितका मोठा तितका परिणाम जास्त: शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः उतरणं 0.84, शिस्तीचं वातावरण राखणं 0.27. आपल्याकडं निम्मी ताकद रांगा आणि गेटवरच खर्च होते.

दुसरी चूक माझ्या खास रागातली. पहिलीचा वर्ग कुणाला? नवख्याला, नाहीतर निवृत्तीला टेकलेल्याला. शाळेतला खणखणीत शिक्षक शिष्यवृत्तीच्या वर्गावर, कारण तिथं फोटो आणि फ्लेक्स असतो. मग चौथीत वाचता येत नाही म्हणून बोंब मारायची. पहिली सगळ्यात चांगल्या शिक्षकाला द्या, दुसरीलाही त्यालाच पुढं न्या. रुसवेफुगवे होतील, होऊ द्या.

फेब्रुवारीतल्या चाचणीवरून शिक्षकाला धारेवर धरणारे एचएम मला आपल्याच भागात भेटतात, याचं नवल वाटतं. दसरा-दिवाळीत निम्मा वर्ग ऊसतोडीला गेलेला असतो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. गावात मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, वाटली गेली की त्याच आठवड्यात घरोघर जा, कोणतं लेकरू आजीपाशी राहील याची यादी करा, मागं राहणाऱ्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पुढं सरकवा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवलेत, निम्म्या महिला. सह्यांपुरतं बोलावण्यापेक्षा त्या बायांना विचारा, कुणाची गाडी कधी निघणार हे त्यांना तुमच्याआधी कळतं.

टाचणवहीवर, म्हणजे शिक्षकाच्या रोजच्या पाठाच्या नोंदींवर, न वाचता सही करू नका. स्टाफसमोर एकाला झापू नका. लातूर पॅटर्नच्या, म्हणजे परीक्षेसाठी सराव घोटून घेण्याच्या पद्धतीच्या, नावाखाली तिसरीच्या लेकरांना प्रश्नसंचांच्या झेरॉक्स वाटू नका.

आणि वरच्या ऑफिसातून मागवली जाणारी ती "तात्काळ माहिती". ग्रुपवर मेसेज पडला की आमचा माणूस शिक्षकाला वर्गातून उठवतो, "मॅडम, जरा आधार नंबर बघा." पहिले दोन तास मी कुणालाच उठवत नसे. केंद्रप्रमुख चिडायचे. तिसऱ्या तासाला माहिती गेली म्हणून कुणाचा पगार थांबल्याचं मी तरी पाहिलं नाही.

परवा एका नव्या एचएमनं विचारलं, "सर, ते सगळं ठीक, पण लॉगबुकात लिहू काय? साहेब तर तेच तपासतात." पुढच्या आठवड्यात वर्गात काय करायचं ठरलं तेवढं लिहा, म्हणालो. निळ्या पेनानं, खाली दोघांच्या सह्या.